अक्षरास अक्षर

“सही कुठे करायची तेवढं दाखव,” रत्नाकरकाका म्हणाले. “बाकीचं तू वाचलंयस ना?”

कीर्तीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती. साडेबाराला तिला कॉलेजच्या रेडिओवर बातम्या वाचायच्या होत्या, आणि इस्पितळापासून कॉलेज बसने वीस मिनिटांवर होतं. तेही बस लगेच मिळाली तर.

“वाचलं काका. नेहमीचंच आहे. इथे करा, इथे, आणि शेवटच्या पानावर.”

संमतीपत्र चार पानांचं होतं, अर्धं तमिळ आणि अर्धं इंग्रजी. शेवटच्या पानावर छापील मजकुराखाली डॉक्टरांनी निळ्या पेनाने एक ओळ हाताने लिहिली होती. रुग्णाला एकाच डोळ्याने दिसतं, तोच डोळा ऑपरेशनला घेत आहोत, धोक्याची पूर्ण कल्पना दिली आहे. कीर्तीने ती ओळ पाहिली. ती समजावून सांगायची तर शेजारी बसलेल्या कुमुदिनीकाकू चार प्रश्न विचारणार, मग मुलाला फोन लावणार, मुलगा शोळिंगनल्लूरला ऑफिसात कुठल्या तरी मीटिंगमध्ये असणार, आणि सव्वाबारा इथेच वाजणार. शिवाय इस्पितळाचे रुग्णसेवा अधिकारी व्यंकोजी यांनी सगळ्या दुभाष्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, की कागद वाचून पेशंटला घाबरवायचं नाही, सहीची जागा दाखवायची.

काकांनी तीन ठिकाणी सही केली. खाली ‘दुभाषी’ लिहिलेल्या रेघेवर कीर्तीने आपली केली आणि ती धावत सुटली.

कीर्ती वीस वर्षांची होती, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वडील उपेंद्र चेन्नईजवळ आवडी या गावातल्या कारखान्यात सैनिकांच्या गणवेषांची शिवण तपासायचे. खडकीहून बदली होऊन ते इथे आले ते इथलेच झाले. कीर्ती आवडीच्या सरकारी क्वार्टर्समध्येच वाढली. घरात आईशी मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. स्वप्नंसुद्धा तिला तमिळमध्ये पडत. पण दोन्ही भाषा सारख्या येणारी माणसं थोडी, आणि महाराष्ट्रातून डोळ्यांच्या उपचारांसाठी चेन्नईला येणारे पुष्कळ. म्हणून या खासगी इस्पितळात तिला सकाळी साडेसात ते बारा असं दुभाष्याचं काम मिळालं. फीपुरतं त्यात भागायचं. साडेबाराला रेडिओ, मग तीनपर्यंत वर्ग, आणि चारपासून नुंगंबाक्कमला एका वृत्तवाहिनीच्या कचेरीत इंटर्नशिप. तिथे तिघी इंटर्न होत्या आणि उन्हाळ्यानंतर एकीलाच ठेवणार होते. कीर्तीला त्या एका खुर्चीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. जेवण बहुतेक वेळा बसमध्ये व्हायचं, आईने गुंडाळून दिलेली पोळी हातात धरून.

रेडिओवरच्या तिच्या बातम्यांना बातम्या म्हणणं खरं तर चूक होतं. कॉलेजच्या रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची सरकारची परवानगी नसते. परीक्षांची वेळापत्रकं, कुठला रस्ता खणलाय, कुठल्या भागात पाणी येणार नाही, एवढंच सांगता येतं. रेडिओ सांभाळणारे मधुसूदन सर प्रत्येक बुलेटिनचा कागद आधी वाचून त्यावर खूण करायचे. तरी कीर्ती ती पाच मिनिटं जीव ओतून वाचायची.

हे काकाकाकूंना कळलं तेव्हा काकांना भलताच आनंद झाला होता. ते बार्शीच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारल्या.

“मग आपण एकाच धंद्यातले,” ते म्हणाले होते. “मी गाड्यांच्या बातम्या सांगायचो. एक गोष्ट लक्षात ठेव. गावाचं नाव दोनदा घ्यायचं. पहिल्या वेळेला माणूस नुसता मान वर करतो, ऐकतो दुसऱ्या वेळेला.”

त्यांचा डावा डोळा लहानपणी विटीच्या घावाने गेला होता. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू पिकला. मुलगा दर्शन म्हणाला, बार्शीत नको, सोलापुरात नको, इकडे या, इथले डॉक्टर नावाजलेले आहेत. तो सकाळी दोघांना इस्पितळात सोडून कामावर जायचा. मग दिवसभर त्यांना कीर्तीच. तिच्या मराठीची काकूंना गंमत वाटायची. काही बिघडत नाही असं म्हणायला कीर्ती तमिळच्या वळणाने “परवा नाही” म्हणायची, आणि काकू विचारायच्या, “परवा नाही तर मग कधी गं?”

ऑपरेशन मंगळवारी झालं. बुधवारी पट्टी काढली तेव्हा काकांनी समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचून दाखवली. काकूंनी कीर्तीच्या हातावर साखर ठेवली.

गुरुवारी सकाळी कीर्ती वॉर्डात आली तर काका भिंतीकडे तोंड करून बसलेले. डोळा लाल, पापणी सुजलेली, डोक्यात घण बसताहेत म्हणत होते. डॉक्टर आले, टॉर्च लावून पाहिलं, तमिळमध्ये म्हणाले, थोडी सूज असते, औषध देतो. कीर्तीने ते मराठीत सांगितलं. काकांनी विचारलं, टॉर्च लावला होता का? हा प्रश्न तिने डॉक्टरांना तमिळमध्ये सांगितला. ते पुढच्या खाटेकडे वळले.

शुक्रवारपर्यंत असे सात जण झाले. सातही मंगळवारी सकाळी एकाच खोलीत ऑपरेशन झालेले. परिचारिका आपसात बोलत, आणि कीर्ती शेजारी उभी आहे याचं त्यांना काही वाटत नसे, कारण ती तमिळच होती त्यांच्या लेखी. डोळा धुवायचं पाणी सगळ्यांना एकाच खोक्यातलं वापरलं होतं. खोली कुलूप लावून बंद केली होती. खोकं कुठे गेलं ते कुणाला माहीत नव्हतं.

“काय म्हणाल्या गं त्या?” काकूंनी विचारलं.

“काही नाही काकू. ड्यूटीचं बोलताहेत.”

काकूंनी तिचं मनगट धरलं. “कशाला लपवतीस? तुझं तोंड बघ की आरशात.”

कीर्तीने सांगितलं. खोकं, कुलूप, सात माणसं, सगळं. निळ्या पेनाची ओळ मात्र सांगितली नाही. काकू बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्यांचा एकच होता गं.”

त्या दिवशी नुंगंबाक्कमला कीर्तीने श्रीविद्या मॅडमना गाठलं. श्रीविद्या वाहिनीच्या वेब विभागाच्या प्रमुख होत्या, पस्तिशीच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कागद आहे? नाही. कुणी परिचारिका नाव देऊन बोलेल? नाही. मग चेहरा आण, त्या म्हणाल्या. म्हातारा कॅमेऱ्यासमोर रडला पाहिजे, बायको शेजारी. तेवढं आणलंस तर उन्हाळ्यानंतर कोणाला ठेवायचं हा प्रश्न उरणार नाही.

शनिवारी कीर्ती फोन खिशात घेऊन वॉर्डात गेली. काका झोपले होते, तोंड उघडं, डोळ्यावर पट्टी. तिने फोन बाहेर काढला, कॅमेरा सुरू केला, आणि कितीतरी वेळ पडद्यावर त्यांचा चेहरा पाहत उभी राहिली. मग फोन बंद केला. हे चांगुलपणाने केलं की स्वतःची सही आठवून केलं, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं.

वळली तर दारात काकू. त्यांनी पाहिलं होतं.

“फोटो नको काढू,” त्या म्हणाल्या. “चार माणसांत ह्यांचं असं तोंड नको. पण तुझा आवाज जातो ना रेडिओवर? तू सांग ना पोरी. इथं कुणी दारात उभं करंना. दर्शनला म्हणत्यात, तुम्ही सही केलीय. तू सांगितलंस तर चार लोक विचारतील तरी.”

सोमवारी साडेबाराला कीर्तीने बुलेटिन वाचलं. सेमिस्टर परीक्षेचं वेळापत्रक, वसतिगृहामागच्या रस्त्याचं काम, मंगळवारी पाणी नाही. मधुसूदन सरांनी खूण केलेला कागद तिथे संपला. ते काचेपलीकडे कुणाशी तरी फोनवर बोलत होते. कीर्तीने पुढची चार वाक्यं कागदाशिवाय म्हटली. शहरातल्या एका डोळ्यांच्या इस्पितळात गेल्या मंगळवारी एकाच खोलीत ऑपरेशन झालेल्या सात जणांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला आहे. ती खोली आता बंद आहे. रुग्णांना कारण सांगितलेलं नाही. त्यांतल्या एकाला तेवढाच डोळा होता. शेवटचं वाक्य ती दोनदा म्हणाली.

सरांनी मान वर केली ती दुसऱ्या वेळेलाच.

रेडिओ ऐकू जायचा तो कॉलेजभोवतीच्या चारपाच किलोमीटरांत. पण कुणीतरी तो तुकडा फोनवर घेतला आणि संध्याकाळपर्यंत तो आवडीला कीर्तीच्या आईच्या फोनवरही पोचला. हेमलताबाईंनी तो ऐकला आणि लेकीला एवढंच विचारलं, की हे तुला कुणी वाचायला दिलं होतं? कीर्ती म्हणाली, कुणी नाही. वडील जेवत होते. त्यांनी ताटात पाणी सोडलं आणि उठले.

मंगळवारी सकाळी इस्पितळाच्या दारात बाकीच्या सहा जणांचे नातेवाईक जमले. कुणी ओरडलं नाही, पण कुणी हललंही नाही. दुपारपर्यंत इस्पितळाने कळवलं की बाहेरून मोठे डॉक्टर बोलावले आहेत, सातही डोळ्यांवर पुन्हा उपचार होतील. त्याच दुपारी मधुसूदन सरांनी कीर्तीला सांगितलं, की इस्पितळाची तक्रार आली आहे, परवाना जाऊ शकतो, रेडिओ तूर्त बंद. स्टुडिओतली बाकीची मुलं वायर गुंडाळत होती. दोन वर्षं तिच्याबरोबर बुलेटिन लिहिणारी तुळसी तिच्याकडे न बघता म्हणाली, “आमचं सगळ्यांचं होतं ते, कीर्ती. तुझ्या एकटीचं नव्हतं.”

नुंगंबाक्कमला तिचं ओळखपत्र दारातल्या यंत्राने घेतलं नाही. श्रीविद्या मॅडम खाली आल्या, लिफ्टच्या बाजूला उभं राहून बोलल्या. आधी आम्हाला द्यायची ती बातमी तू कॉलेजच्या खेळण्यातून दिलीस, त्या म्हणाल्या, आणि आता तू स्वतःच बातमी झालीस. बातमीला आम्ही खुर्ची देत नाही. हे त्या रागाने बोलल्या नाहीत. जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, जेवलीस का?

बुधवारी व्यंकोजींनी बोलावलं.

व्यंकोजी तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. तीनशे वर्षांपूर्वी आलेल्यांचे वंशज. त्यांची मराठी बखरीतल्यासारखी होती आणि ती ते फारशी बाहेर काढत नसत. कीर्तीला कामावर घेताना मात्र काढली होती. म्हणाले होते, आपली भाषा या शहरात पोटास लागते हे पाहून बरे वाटते. आज ते तमिळमध्येच बोलले. खोलीत इस्पितळाच्या वकीलबाई होत्या, कॉलेजतर्फे मधुसूदन सर होते, आणि टेबलाच्या पलीकडे दर्शन आणि कुमुदिनीकाकू. दर्शनचे डोळे झोप नसलेल्या माणसासारखे होते. त्याने कीर्तीकडे एकदा पाहिलं आणि मग टेबलाच्या कडेला नखाने कोरत राहिला.

वकीलबाईंनी सांगितलं की रुग्णाच्या पत्नीचा जबाब नोंदवायचा आहे. त्यांना फक्त मराठी येते. नातेवाइकाने केलेलं भाषांतर चालत नाही, इस्पितळाचा दुभाषी लागतो.

कीर्ती व्यंकोजींकडे वळली. “सर, तुम्हाला येते मराठी.”

“मी अधिकारी आहे, दुभाषी नव्हे,” ते तमिळमध्ये म्हणाले. मग थांबले, आणि खालच्या आवाजात आपल्या त्या जुन्या मराठीत म्हणाले, “अक्षरास अक्षर सांग. अधिक उणें नको.”

दुभाष्याने बोलणाऱ्याचं ‘मी’ तसंच ठेवायचं, ‘त्या म्हणतात’ असं मध्ये लावायचं नाही, हा त्यांनीच घालून दिलेला नियम होता.

वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला. ऑपरेशनआधी संमतीपत्र समजावून सांगितलं होतं का? कीर्तीने तो मराठीत विचारला. काकूंनी दर्शनकडे पाहिलं. दर्शनने मान हलवली नाही, पण त्याचं नख थांबलं.

“सांगितलं होतं,” काकू म्हणाल्या. “त्या पोरीनं सगळं वाचून दाखवलं. एकच डोळा हाय, धोका हाय, ते बी सांगितलं. तरी आम्ही सही केली.”

निळ्या पेनाची ओळ काकूंना इस्पितळानेच सांगितली होती हे उघड होतं. आता त्यांना माहीत होतं की त्या दिवशी तिने काय गाळलं. माहीत असून त्या खोटं बोलत होत्या, आणि त्या खोट्यानेच कीर्तीवरचा तो एक दोष पुसला जात होता. तिने तमिळमध्ये सांगितलं. “त्या मुलीने सगळं वाचून दाखवलं. एकच डोळा आहे, धोका आहे, तेही सांगितलं. तरी आम्ही सही केली.” तिचा आवाज रेडिओवरच्यासारखा स्वच्छ आला, याचं तिलाच नवल वाटलं.

दुसरा प्रश्न. रेडिओवर जे बोललं गेलं ते सांगायला तुम्ही सांगितलं होतं का?

या वेळी काकूंना वेळ लागला. टेबलावरचा पाण्याचा पेला त्यांनी जवळ ओढला, प्यायल्या नाहीत. मग कीर्तीच्या तोंडाकडे न बघता, तिच्या ओढणीच्या टोकाकडे बघत म्हणाल्या, “न्हाई. आम्ही काई सांगितलं न्हाई. ती पोरगी आपल्या मनानं बोलली. नाव व्हावं म्हणून बोलली असंल. आमची इस्पितळाबद्दल तक्रार न्हाई.”

मधुसूदन सरांनी मान खाली घातली. व्यंकोजी कीर्तीकडे बघत होते. त्यांना एकेक शब्द कळला होता. ती आता काय करते तेवढंच त्यांना पाहायचं होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तरी त्यांनी तो पकडला असता, आणि सात डोळ्यांपैकी कुठला तरी एक डोळा बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांच्या शनिवारच्या यादीत सगळ्यात खाली गेला असता. हे कुणी बोललं नव्हतं. दर्शनच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं.

“नाही,” कीर्ती तमिळमध्ये म्हणाली. “आम्ही काही सांगितलं नाही. ती मुलगी आपल्या मनाने बोलली. नाव व्हावं म्हणून बोलली असेल. आमची इस्पितळाबद्दल तक्रार नाही.”

वकीलबाईंनी लिहून घेतलं आणि कागद फिरवला. काकूंनी अंगठा नाही, सही केली, सावकाश, शाळेतल्या वळणाने. खाली दुभाष्याची रेघ होती. वकीलबाई म्हणाल्या, भाषांतर बरोबर आहे एवढंच त्यात म्हटलंय. भाषांतर बरोबर होतं. कीर्तीने सही केली.

बाहेर पडताना दर्शन तिच्यामागून जिन्यापर्यंत आला. “कीर्ती,” त्याने हाक मारली. तिने विचारलं, काकांचं दुसरं ऑपरेशन कधी? शनिवारी सकाळी पहिलंच, तो म्हणाला. बरं, म्हणाली आणि ती खाली उतरली.

कामावरून काढल्याचं पत्र शुक्रवारी घरी आलं. आईने ते वाचून घडी घातली आणि डब्यांच्या मागे ठेवलं. वडील म्हणाले, निदान परीक्षा तरी दे.

इस्पितळाचं ओळखपत्र आणि पांढरा कोट परत करायचा होता. कीर्ती सोमवारी गेली, दुपारी, सकाळची मंडळी निघून गेल्यावर. कोट जमा करून पावतीसाठी थांबली असताना दोन परिचारिका शेजारच्या टेबलावर डबा खात बोलत होत्या. सातांपैकी चौघांचं बरं आहे. दोघांचं सांगता येत नाही. महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्याचा डोळा गेला. आत सगळा पूच होता, डॉक्टरांनी साफ करून बंद केलं. त्याला अजून सांगितलेलं नाही, मुलगा म्हणाला गावी नेऊन सांगतो. एकीने विचारलं, चटणी घेणार? दुसरीने डबा पुढे केला.

पावती मिळाली. बाहेर जायचा रस्ता लांब बोळातून होता. बोळाच्या अर्ध्यावर, बाकावर, रत्नाकरकाका बसले होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, उजव्या डोळ्यावर जाड पट्टी, पायाशी बांधलेल्या पिशव्या. शेजारी काकू. दर्शन टॅक्सी आणायला गेलेला असावा.

कीर्ती पाचसात पावलांवर थांबली. काकूंनी तिला पाहिलं. त्यांचा हात काकांच्या गुडघ्यावर होता, तो तिथेच राहिला. त्यांनी मान अगदी थोडी हलवली, नको अशी.

“ती कीर्ती भेटली नाही गं जाताना,” काका म्हणाले. “आठ दिवस झाले, आवाज नाही तिचा.”

“तिची परीक्षा हाय म्हणं,” काकू म्हणाल्या. “काम सोडलं तिनं.”

“हुशार पोरगी. वाचते स्पष्ट.” काकांनी टोपी सारखी केली. “पट्टी निघाली की मी तिला पत्र टाकीन. माझ्या हाताने. दर्शनकडून पत्ता घेऊन ठेव.”

“लिहा,” काकू म्हणाल्या. “ठेवते घेऊन.”

बोळात तिच्या चपलांचा आवाज होत असे, आणि काकांचे कान तीस वर्षं गाड्या ओळखण्यात गेलेले. कीर्तीने वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि भिंतीच्या बाजूने, थंड फरशीवरून, त्यांच्या पुढून निघून गेली.